खोट नाही

आमच्या गावात माणसाबद्दल चांगलं बोलायचं ते तो गेल्यावर, आणि तेही थोडक्यात. जिवंत माणसाचं कौतुक करायची वेळ आली तर आमच्याकडे दोनच शब्द आहेत: खोट नाही. सूप छान झालंय, खोट नाही. जावई पीत नाही, लाकडं वेळेवर फोडून ठेवतो, खोट नाही. बरं, दुखलंखुपलं विचारलं तरी उत्तर तेच. कसं काय? खोट नाही. मागे घराला आग लागलेली असली तरी खोट नाही. तेच दोन शब्द आनंदालाही आणि दुःखालाही, आणि त्यातलं कुठलं ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं. आम्ही एस्तोनियन लोक याला सभ्यपणा म्हणतो. मी त्याला काय म्हणते ते या गोष्टीच्या शेवटी सांगायची गरज पडू नये.

गेल्या ऑगस्टमध्ये पिरेतचा फोन आला. पिरेत म्हणजे ऊनो क्रीसाची मुलगी, आणि ऊनो क्रीसा म्हणजे माझा ट्रेनर. अकराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत मी त्याच्या हाताखाली धावले, उडाले, फेकलं आणि पडले. मनातल्या मनात मी आता त्याला अरे-तुरे करते. तोंडावर आजही 'तुम्ही'च येतं, त्याला माझा इलाज नाही.

"एहा, स्टेडियमवर लांब उडीचा नवा मार्ग झालाय, त्याला बाबांचं नाव देतायत," पिरेत म्हणाली. "सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी. येशील ना?"

"बघते, शाळेचं काहीतरी असेल त्या दिवशी."

"अगं, ये ना. खरंच येशील?"

"येते," मी म्हणाले.

आमच्याकडे हे असंच असतं. पहिल्यांदा विचारलेलं नुसतं विचारायचं म्हणून विचारलेलं असतं, त्याला कुणी खरं उत्तर देत नाही. कॉफी घेणार? नको. घ्या हो. बरं, द्या अर्धा कप. दुसऱ्यांदा विचारलं की मगच माणूस खरं बोलतो. ज्याला खरं ऐकायचंय तो दुसऱ्यांदा विचारतो, आणि ज्याला नकोय तो एकदा विचारून गप्प बसतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही, आईच्या दुधातून येतं.

मी 'येते' म्हणाले ते त्याच्या नावाची पाटी बघायला नव्हे. मला त्या म्हाताऱ्याच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झाला होता, चाकाच्या खुर्चीत बसलेला. आणखी किती थांबायचं?

ऊनो क्रीसा तेव्हा आमच्या शाळेत पी.टी. शिकवायचा. शरद ऋतूत सगळी शाळा सामूहिक शेतावर बटाटे वेचायला जायची, तोही बरोबर असायचा, खांद्यावर कोट टाकून बांधावर उभा. शेताच्या मधून पाण्याचा चर होता. बाकीची मुलं लांबच्या फळीवरून वळसा घालून यायची. मला कंटाळा आला, मी बादली हातात घेऊनच उडी मारली. पलीकडे पोचले तेव्हा अर्धे बटाटे बादलीत होते आणि अर्धे चिखलात. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यानं चराची रुंदी आपल्या बुटांनी मोजली, एकापुढे एक पाऊल ठेवत.

"चार मीटर आणि वर थोडं," तो म्हणाला. "आता बादली खाली ठेव आणि पुन्हा मार."

मी मारली. तो काहीच बोलला नाही. पुढची पाच वर्षंही काही बोलला नाही. हिवाळ्यात शाळेच्या बोळात चटया टाकून उड्या, बर्फ वितळला की पाइनच्या रानात कमरेला ट्रॅक्टरचं टायर बांधून धावणं, आणि रोज संध्याकाळी त्याच्या तेलकट वहीत आकडे. त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही. वाळूतला ठसा बघून तो सांगायचा, काल तू झोपली नाहीस. बुटाची नाडी एका भोकानं सैल बांधलेली त्याला शंभर पावलांवरून दिसायची. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे सगळा प्रश्न त्याच्या डोळ्यांचाच आहे.

सोळाव्या वर्षी मी पहिल्यांदा सहा मीटरच्या पुढे पडले. त्यानं फीत गुंडाळली, वहीत लिहिलं आणि वर न बघता म्हणाला, "खोट नाही."

मी तीन किलोमीटर धावत घरी गेले. स्टेडियमवर सायकल राहिली हे घरी पोचल्यावर लक्षात आलं. आई म्हणाली, वेड लागलंय पोरीला. खरंच लागलं होतं. पुढची नऊ वर्षं मी त्या दोन शब्दांसाठी झिजले. लोक देवासाठी, नवऱ्यासाठी झिजतात, मी एका पी.टी.च्या मास्तराच्या दोन शब्दांसाठी झिजले, आणि तेही त्यानं मोजून पाच वेळा दिले.

उडी माझी होती, पण एका उडीवर जग थोडंच मिळतं. ट्रेनरनं मला हेप्टॅथलॉनला घातलं. दोन दिवसांत सात प्रकार: पहिल्या दिवशी अडथळे, उंच उडी, गोळा, दोनशे मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भाला, आठशे मीटर. आमच्या लोकांना असल्या खेळाचं फार वेड. एका गोष्टीत देवदत्त असण्यापेक्षा सात गोष्टींत चिवट असणं आम्हाला जास्त पटतं. मी चिवट होते. मॉस्कोवाले शिबिराला तीनदा बोलावून घेऊन गेले आणि तीनदा राखीव म्हणून बसवून परत पाठवलं. पहिल्या तीन जागा आधीच ठरलेल्या असत, चौथी माझी. माझं रशियन ऐकून तिथल्या मुली हसायच्या. मीही हसायचे, काय करणार.

मग ते सगळं सोव्हिएत राज्य एके दिवशी कोसळलं. देश आमचा झाला, झेंडा आमचा झाला, आणि ब्याण्णवच्या उन्हाळ्यात बार्सिलोनाच्या ऑलिंपिकला आमचा संघ आमच्या झेंड्याखाली जाणार असं ठरलं. गाव हरखून गेलं. दुकानात फडताळं रिकामी होती, पण लोक रांगेत उभे राहून भाला किती मीटर जायला हवा यावर वाद घालायचे. मी पंचवीस वर्षांची होते. सहा हजार पन्नास गुण हवे होते, आणि शेवटची पात्रता स्पर्धा जूनमध्ये आमच्याच गावच्या स्टेडियमवर होती. मी गेले असते तर ट्रेनरही संघाबरोबर गेला असता. आम्हा दोघांचं तिकीट एकच होतं. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण त्याची बायको सालमे त्याच्यासाठी पांढरा सदरा शिवत होती, ते मी पाहिलं होतं.

डावा पाय मे महिन्यापासूनच ठणकत होता. उडी घ्यायचा पाय तोच. पावलाच्या वरच्या बाजूला, मधोमध, नाणं ठेवावं एवढ्या जागेत. सकाळी दुखायचा, धावून गरम झाला की गप्प बसायचा, म्हणून मीही गप्प बसले. पहिल्या दिवशी उंच उडीनंतर तो गप्प बसेना. दोनशे मीटरच्या वळणावर प्रत्येक पावलाला आत कुणी तरी खिळा ठोकत होतं. तरीही वेळ बरी आली. पहिल्या दिवशीचे गुण तीन हजार पाचशेच्या वर होते. लांब उडीत साडेसहा मीटर पडलं असतं तर पुढचं सगळं जमण्यासारखं होतं.

संध्याकाळी ट्रेनरच्या घरी सॉना होता, म्हणजे अंगणातल्या लाकडी खोलीत वाफेचं स्नान; स्पर्धा असली की नेहमीच असायचा. आम्ही बायका आधी. मी बाहेर आले तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं आणि ट्रेनर अंगणातल्या बाकावर बसला होता. सॉनाला पाच पायऱ्या आहेत. मी त्या उतरून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. सालमेमावशी रुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन आल्या.

"घे, एहा."

"नको, मावशी. पोट भरलंय."

"अगं घे ग, सकाळपासून काय खाल्लंयस?"

मी दोन तुकडे घेतले. त्या आत गेल्या. ट्रेनर तळ्याकडे बघत होता.

"पाय कसा आहे?" त्यानं विचारलं.

"खोट नाही," मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार होते? पहिल्यांदा विचारलं होतं ना. केक तोंडात धरून मी वाट बघत बसले. आता तो दुसऱ्यांदा विचारेल, खरंच कसा आहे म्हणेल, आणि मी सांगेन. सांगायचंच ठरवलं होतं मी. मनात वाक्य जुळवूनही ठेवलं होतं: ट्रेनर, मला उभं राहवत नाही. तो उठला. पँटवरचे कण झटकले.

"सकाळी नऊला मैदानावर ये," म्हणाला, आणि सॉनात गेला.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा तो उडीच्या मार्गावर आधीच होता. धाव सुरू करायच्या जागी आम्ही चिकटपट्टीची खूण लावतो, उडी घ्यायच्या फळीपासून पावलांनी मोजून. माझी खूण तीन वर्षं एकाच जागी होती. मी तिच्यावर जाऊन उभी राहिले, बाकी कशाकडे माझं लक्ष नव्हतं.

पहिली उडी फाऊल. फळीपुढच्या मेणाच्या पट्टीत माझ्या बुटाचं टोक रुतलेलं, लाल निशाण वर. दुसरी नुसती सांभाळून, सहा बारा. तिसरीला उभी राहिले तेव्हा पायात दुखणंच उरलं नव्हतं, पाऊल लाकडाचं झालं होतं. मी धावले. फळी बरोबर पायाखाली आली, केसभरही पुढे-मागे नाही. आणि फळीवर पाय पडताक्षणी आतून आवाज आला, कोरडी फांदी मोडते तसा. मी तो हवेत असताना ऐकला. म्हणजे मी हवेत होते तेव्हाच मला माहीत होतं की खाली उतरल्यावर काही उरणार नाही.

वाळूत पडले ती तशीच राहिले. पांढरं निशाण वर गेलं. सहा मीटर एकोणसाठ. प्रेक्षक उभे राहिले होते. ट्रेनर कठड्यापाशी आला. त्यानं आधी मेणाची पट्टी बघितली, तिच्यावर नखाएवढीही खूण नव्हती. मग फलकावरचा आकडा. मग मी.

"खोट नाही," तो म्हणाला.

पाचव्या वेळचं ते. आणि मला, सांगायला लाज वाटते, क्षणभर बरं वाटलं.

पावलात होडीच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, आमच्याकडे त्याला होडीचं हाडच म्हणतात. ते दुभंगलं होतं. तार्तूच्या इस्पितळात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं की हे आज एका दिवसात झालेलं नाही, चीर महिनाभर जुनी आहे, एवढ्या दिवसांत कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? ट्रेनर खाटेच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभा होता. "मी विचारलं होतं," तो डॉक्टरांना म्हणाला. "ती म्हणाली, खोट नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. तेही आमच्यातलेच, त्यांना समजलं. चूक माझी ठरली, आणि मी ती मान्य केली. खोटं काय होतं त्यात? विचारलं होतं, आणि मी म्हणाले होते.

निकालपत्रकावर माझ्या नावापुढे पाच आकडे आणि दोन कोऱ्या चौकटी राहिल्या. आमचा झेंडा बार्सिलोनाच्या मैदानात शिरताना मी प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून टीव्हीवर बघितला. दोन खिळे, मग तिसरा, मग हाड जुळत नाही म्हणून दुसरी शस्त्रक्रिया. उडी संपली, धावणंही संपलं. मी शिक्षक महाविद्यालयात गेले आणि त्याच शाळेत पी.टी. शिकवायला लागले.

इथवर हे नुसतं दुर्दैव होतं, आणि दुर्दैव मला पचलं असतं. पण ट्रेनरला ही गोष्ट आवडायला लागली. आधी त्यानं ती गावच्या वर्तमानपत्राला सांगितली. मग रेडिओला. मग त्याच्या साठीला, सत्तरीला, ऐंशीला. "मी विचारलं, पाय कसा आहे? होडीचं हाड दुभंगलेलं, आणि पोरगी म्हणते, खोट नाही! अशी माणसं आता होत नाहीत." लोक टाळ्या वाजवायचे. दरवेळी गोष्ट थोडी सुधारत गेली. आधी चीर गेलेलं हाड होतं, मग दुभंगलेलं झालं, मग मी रक्ताळलेल्या मोज्यानं बसले होते. गावात म्हणच पडली. बस दीड तास उशिरा आली, कसा झाला प्रवास? एहाच्या पायासारखा, खोट नाही. दुकानात माझ्यासमोर म्हणायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचे. हसायला मी मॉस्कोतच शिकले होते.

आणि मग, दहाएक वर्षांनंतर, मी एका मुलीला लांब उडी शिकवत होते. तिला सर्दी झाली होती, अंगात जोर नव्हता. मी चिकटपट्टी काढून तिची खूण एक बूटभर पुढे सरकवली. थकलेल्या माणसाचं पाऊल आखूड पडतं, धाव तेवढी कमी करावी लागते, नाहीतर फळी पायाखाली येत नाही. खाली वाकलेली मी तशीच राहिले. कारण मला आठवलं की त्या सकाळी माझी खूणही जुन्या जागी नव्हती. जुन्या पट्टीचा गोंद ट्रॅकवर काळा पडलेला होता, आणि नवी पट्टी त्याच्या एक बूट पुढे होती. मी एक पाऊलही टाकायच्या आधी तिथे लावलेली. पहिल्या उडीला मी दातओठ खाऊन जुन्या पावलांनी धावले, म्हणून फाऊल झाले. तिसरीला पाय लाकडाचा झाला, पाऊल आखूड पडलं, आणि फळी केसभरही चुकली नाही. तसा हिशोब कुणीतरी आधीच केलेला होता.

म्हणजे त्याला माहीत होतं. बावीस वर्षं मी हे मनात घेऊन त्याच्या वाढदिवसांना गेले, केक खाल्ला, त्याची गोष्ट ऐकली. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं: मला माहीत होतं. तीन शब्द. खोट नाही या दोनपेक्षा एकच जास्त.

त्या शनिवारी स्टेडियमवर तीनशे माणसं होती. नवा मार्ग निळा, कोरा करकरीत. ट्रेनर खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी, अंगात पांढरा सदरा. तोच का ते मला कळलं नाही, पण सालमेमावशींची शिवण मी ओळखते. त्या जाऊन सहा वर्षं झाली. नगराध्यक्ष तरुण मुलगा, माझाच विद्यार्थी. त्याच्या भाषणानंतर त्यानं माइक ट्रेनरपुढे धरला.

"ट्रेनर, ती गोष्ट एकदा सांगाच," तो म्हणाला. "एहाताई इथेच आहेत."

लोक आधीच हसायला लागले. ट्रेनरनं मला गर्दीत शोधलं. त्याला दिसत अजूनही होतं.

"एहा," तो माइकवर म्हणाला, "पाय कसा आहे?"

तीनशे माणसं माझ्याकडे वळली. हीच संधी होती. मोडलाय, म्हणायचं होतं. तुम्हाला माहीत होतं, म्हणायचं होतं. आदल्या रात्री आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. तोंड उघडलं.

"खोट नाही," मी म्हणाले.

काय टाळ्या पडल्या! नगराध्यक्षानं डोळे पुसले. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

नंतर क्लबच्या व्हरांड्यात कॉफी होती. लोक निळा मार्ग बघायला खाली गेले. व्हरांड्यावर ट्रेनर, पिरेत आणि मी एवढेच उरलो. पिरेत केक कापत होती.

"एहा, केक?"

"नको ग."

"घे ना, बाबांच्या नावाचा आहे."

मी घेतला. ट्रेनर ते बघत होता. पिरेत आणखी कप आणायला आत गेली, आणि मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"ट्रेनर, त्या सकाळी माझी खूण कुणी हलवली?"

त्यानं विचारही केला नाही. "मी."

"का?"

"पाऊल आखूड पडणार होतं तुझं."

"तुम्हाला काय माहीत?"

"सॉनाच्या पायऱ्या उतरलीस की. पाचही पायऱ्यांवर डावा पाय आधी टेकवलास. धड माणूस असा उतरत नाही." तो पुढे म्हणाला, "तशी मला मे महिन्यापासूनच शंका होती. नाडी सैल बांधत होतीस."

एवढं सोपं होतं ते. बटाटे यंदा बारीक आले म्हणावं तशा आवाजात सांगितलं. मी ज्याच्यासाठी एवढी वर्षं झुरले ते माझ्या पुढ्यात केकच्या बशीशेजारी पडलेलं होतं, आणि मला काही वाटत नव्हतं. मग राग आला.

"माहीत होतं तर विचारलं कशाला?"

"विचारायला हवंच ना."

"एकदा."

"हो, एकदा," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

खाली कुणी तरी पोरगं नव्या वाळूत उड्या मारत होतं, त्याची आई त्याला ओरडत होती. ट्रेनर घोंगडीच्या दशा ओढत बसला.

"छत्तीस साली आपला झेंडा ऑलिंपिकला शेवटचा होता," तो म्हणाला. "मी त्याच वर्षी जन्मलो. छप्पन वर्षं थांबलो होतो, पोरी. मलाही जायचं होतं."

"माझा पाय होता तो."

"हो."

त्याचे डोळे पाण्यानं भरलेले होते. म्हाताऱ्यांचे असतात तसे, किंवा खरंच. तो पुढे झुकला. माइक नव्हता, तीनशे माणसं नव्हती, हसायला कुणी नव्हतं.

"एहा," तो म्हणाला. "पाय कसा आहे?"

दुसऱ्यांदा विचारलं त्यानं. बत्तीस वर्षांनी का होईना, विचारलं. मला कळलं की त्याला आता खरं ऐकायचंय. सांगण्यासारखं खूप होतं माझ्याकडे. थंडीत खिळे कसे बोलतात. पहिल्या दोन शाळांनी लंगडी पी.टी.ची बाई नको म्हणून कशी परत पाठवली. आजही स्वप्नात मी हवेत असते आणि खाली उतरायला घाबरते. हे सगळं ऐकून त्याला रडायचं होतं, क्षमा मागायची होती, आणि हलकं होऊन या हिवाळ्यात किंवा पुढच्या हिवाळ्यात मरायचं होतं. दुसऱ्यांदा विचारलं की खरं सांगायचं, ही आमची रीत मी मोडणार नाही असा त्याचा माझ्यावर भरवसा होता. माझ्या तोंडाला अकराव्या वर्षापासून त्यानंच वळण लावलं होतं.

मी बशी खाली ठेवली.

"खोट नाही, ट्रेनर," मी म्हणाले.

त्याला कळलं. त्याचा चेहरा बघून मला कळलं की त्याला कळलं. तो काही बोलायला गेला आणि थांबला, कारण तिसऱ्यांदा विचारायची आमच्याकडे रीत नाही.

मी उठले. व्हरांड्याच्या कडेला खुर्च्यांसाठी केलेला उतार आहे, मी नेहमी तिथूनच जाते. त्या दिवशी समोरच्या पायऱ्यांनी गेले. सात पायऱ्या आहेत. पाठीमागून तो बघत होता, ते मला न वळताही माहीत होतं. मी सावकाश उतरले, त्याला नीट दिसावं म्हणून, सातही पायऱ्यांवर डावा पाय आधी टेकवत.